मंद्र सप्तकातील चौघे

मागील पावसाळ्यात आमच्या हातून असे एक काम घडले, की जे आमच्या पत्रिकेत कोणाही ज्योतिषास दिसले नसते. आम्ही बँडाचे कागद लिहून काढले! जे वाचक हे सदर नियमाने वाचण्याची कृपा करतात त्यांस ठाऊकच आहे, की आम्ही पडलो संस्कृताचे मास्तर. घरात एक जुनी हार्मोनियम आहे खरी, परंतु तिचा उपयोग आरतीपलीकडे फारसा झालेला नाही. असे असता पाच रेघांची ती विलायती स्वरलिपी साठाव्या वर्षानंतर शिकण्याचा प्रसंग आम्हांवर का आला, आणि तीतून आम्हांस काय लाभले, ते या वेळी सांगावयाचे आहे.

आम्ही राहतो वसईच्या पूर्वेस, एव्हरशाईन सिटीत. गच्चीवर उभे राहिले म्हणजे एका अंगास तुंगारेश्वराचा डोंगर दिसतो, दुसऱ्या अंगास रेल्वेचे रूळ. रुळांच्या पलीकडे जुनी वसई, म्हणजे चर्चे, वाड्या, विहिरी आणि केळीची बने. अलीकडे आमच्या उंच उंच इमारती. आमच्या खालच्या मजल्यावर दोन वर्षांपूर्वी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ पलीकडच्या गावातून आपल्या मुलाकडे राहावयास आले. थोड्याच दिवसांत रोज सायंकाळी त्या घरातून एक खोल, लांबलचक स्वर उमटू लागला. एकच स्वर, मग दुसरा, मग तिसरा. कोणी म्हणे पंप बिघडला, कोणी म्हणे जहाजाचा भोंगा. अखेर सोसायटीच्या मंडळींनी ठरविले, की गुरुजींनी जाऊन समज द्यावी. चाळीस वर्षे पोरांस गप्प बसविण्याचा आमचा अनुभव त्यांस पुरेसा वाटला असावा.

दार त्यांनीच उघडले. मांडीवर भले मोठे पितळी वाद्य होते. "या गुरुजी, बसा. आवाजाची तक्रार असेल," असे तेच हसून म्हणाले, आणि आमची अर्धी तयारी तेथेच वाया गेली. त्यांच्या गावचे लोक त्यांस बँडमास्तर म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. वाद्याचे नाव युफोनियम. चहा झाल्यावर त्यांनी एक पिवळी पडलेली छापील वही आमच्यापुढे ठेवली व विचारले, "गुरुजी, हे ज्याने लिहिले तो इंग्रज तुमची भाषा शिकला होता म्हणतात. खरे का हो?"

वहीवर नाव होते गुस्ताव्ह होल्स्ट. आम्ही ते प्रथमच वाचत होतो, ही आमचीच लाजिरवाणी गोष्ट. कारण चौकशीअंती जे कळले त्याने आम्ही थक्क झालो. हा संगीतकार १८७४ साली इंग्लंडात चेल्टनहॅम येथे जन्मला. लहानपणी त्यास दम्याचा विकार होता. पितळी वाद्य फुंकल्याने छाती सुधारेल या आशेने त्याच्या हाती ट्रॉम्बोन देण्यात आला. पुढे हाताच्या दुखण्यामुळे पियानो सुटला, तेव्हा त्याच ट्रॉम्बोनवर त्याने काही वर्षे पोट भरले. ऋग्वेदातील सूक्तांस चाली लावाव्या असे मनात आले, पण उपलब्ध भाषांतरे पसंत पडेनात. म्हणून हा मनुष्य लंडनात मेबल बोड या विदुषीकडे संस्कृत शिकावयास बसला आणि सूक्तांची भाषांतरे त्याने स्वतः केली. महाभारतातील सावित्रीची कथा घेऊन त्याने १९०८ साली एक लहानसे संगीतक रचले; त्यात गाणारी मुख्य पात्रे अवघी तीन व वाजविणारे बारा! आणि १९०९ साली त्याने लष्करी बँडासाठी एक रचना केली, तीच ही वही. तीन भागांची ही रचना असून तिन्ही भाग एकाच स्वरवाक्यातून उगवलेले आहेत.

आता बँडमास्तरांची अडचण ऐकावी. त्यांच्या बँडात एके काळी पंचवीस-तीस माणसे होती. क्लॅरिनेट, कॉर्नेट, सॅक्सोफोन, ढोल, सारा सरंजाम होता. पुढे वरातीस गाडीवरचे कर्णे आले; तरुण मंडळी सकाळच्या लोकलने मुंबईस नोकरीला जाऊ लागली; म्हातारी एकेक करून देवाघरी गेली. राहिले चौघे: स्वतः बँडमास्तर, दोघे ट्रॉम्बोनवाले आणि ट्युबा वाजविणारा त्यांचा पुतण्या. ते म्हणाले, "वरचे सगळे गेले, गुरुजी. खालचे तेवढे राहिलो." तरुणपणी ज्या रचनेने त्यांस वेड लावले होते, ती एकदा या चौघांनी वाजवावी एवढीच त्यांची इच्छा होती. तीस माणसांचे चौघांत बसवावयाचे. आणि त्यांच्या डोळ्यांस आता बारीक लिहिणे जमत नव्हते. आमचे अक्षर बरे आहे अशी ख्याती त्यांच्या कानी गेली होती. तक्रार घेऊन गेलेले आम्ही कागद घेऊन परतलो.

कोणी विचारील, दुसऱ्याची रचना अशी मोडून मांडणे न्यायाचे आहे काय? कायद्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या देशात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षेपर्यंत त्याच्या कृतीवरील हक्क राहतो. होल्स्ट १९३४ साली वारला. म्हणजे ती मुदत केव्हाच संपली. पण आमच्या मनाची अडचण कायद्याची नव्हती, संस्काराची होती. ज्या परंपरेत पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी वेदाचे एकेक अक्षर सांभाळले गेले, तीत वाढलेल्या मनुष्यास मूळ ग्रंथातील काही गाळणे हे पातकच वाटते. म्हणून आम्ही निश्चय केला की काहीही सोडावयाचे नाही. महिनाभर खपून लिपी शिकलो, आणि वरच्या वाद्यांचे जे जे स्वर होते ते ते एक-दोन सप्तके खाली उतरवून चार कागदांवर सुवाच्य अक्षरात लिहून दिले.

रविवारी चौघे जमले. ट्युबा रिक्षातून आला. तो आत आणि पुतण्या अर्धा बाहेर, अशा थाटात. आमच्या कागदांवरून त्यांनी वाजविण्यास आरंभ केला. सुरुवात ठीक झाली, कारण मुळातच ही रचना बँडातील खर्जाच्या वाद्यांनी सुरू होते. आठ मात्राखंडांचे एक गंभीर स्वरवाक्य, ज्याचे पहिले तीन स्वर आमच्या भाषेत सा, रे, ध. आणि मग तेच वाक्य पहिल्या भागात पंधरा-सोळा वेळा निरनिराळ्या वाद्यांकडून नव्या नव्या वेषात येत राहते. पण तो दुसरा वेष आला मात्र, खोलीत नुसता चिखल झाला! कोणता स्वर कोणाचा हेही कळेना. बँडमास्तरांनी हात वर करून थांबविले व शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या लिहिण्यात एकही चूक नाही. तुम्ही काहीच गाळले नाही, हीच चूक."

असे का व्हावे? याचे उत्तर त्यांनी युफोनियमवरच दिले. कोणतीही कळ न दाबता, केवळ ओठांचा ताण वाढवीत त्यांनी स्वर काढले: सा, मग वरचा पंचम, मग त्याच्या वरचा सा, मग गंधार. सुमारे ९ फूट लांबीच्या त्या नळीत हे स्वर निसर्गतःच भरलेले असतात. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांस हे नवे नाही. खर्जाच्या तारेत नीट कान दिला तर गंधार आपोआप ऐकू येतो, व त्यास गायक स्वयंभू गंधार म्हणतात. या क्रमाकडे पाहावे. तळाशी दोन स्वरांत पूर्ण सप्तकाचे अंतर, त्याच्या वर पंचमाचे, त्याच्या वर मध्यमाचे, आणि मग कोठे गंधाराचे. म्हणजे खाली विरळ, वर दाट. झाडास खाली एकच बुंधा असतो व वर फांद्यांची गर्दी. निसर्गाने नादाचीही रचना तशीच केली आहे. आम्ही फांद्या तोडून मुळाशी आणून रचल्या होत्या!

हेच आकड्यांत सांगता येते. ट्युबाच्या खालच्या एका षड्जाची सेकंदास सुमारे ५८ कंपने धरली, तर त्याच्या लगतच्या गंधाराची सुमारे ७३ होतात. दोहोंतील फरक १५. इतक्या अल्प फरकाचे स्वर एकत्र वाजले की कानास खरखर, घरघर जाणवते. तेच दोन स्वर दोन सप्तके वर नेले तर २३३ व २९४ होतात. फरक साठाच्या घरात जातो आणि तीच जोडी गोड लागते. अर्थात दोष स्वरांचा नव्हता, त्यांस दिलेल्या जागेचा होता. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने मंद्र, मध्य व तार यांची स्थाने अनुक्रमे हृदय, कंठ व मस्तक अशी सांगितली आहेत. आम्ही मस्तकातले सारे हृदयात कोंबावयास निघालो होतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे मास्तर शेजारी बसलो, आणि काय ठेवावे याचा विचार सुरू झाला. तो आमच्या ओळखीचा निघाला. व्याकरणात याचेच तर शिक्षण आम्ही घेतले होते! सूत्रातील अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो असे परंपरा सांगते. पाणिनी मागील सूत्रातील पद पुढे पुन्हा लिहीत नाही. वाचणारा त्याची अनुवृत्ती करतो. तसेच येथे. स्वरांचा जो गुच्छ एकदम वाजतो, ज्यास बँडवाले कॉर्ड म्हणतात, त्यात सा, ग, प असे तीन असतील तर पहिला सोडावयाचा तो पंचम. कारण खालच्या षड्जाच्या पोटात तो आहेच, कान त्याचा अध्याहार करतो. गंधार मात्र कधीही गाळू नये. तो शुद्ध की कोमल यावरच सारा भाव अवलंबून. षड्ज ट्युबाकडे द्यावा, युफोनियमने त्यापासून दूर उभे राहावे, आणि गंधार ट्रॉम्बोनने वर, कंठस्थानी धरावा. जे दोन-तीन वाद्ये एकच वाजवीत होती त्यांचे एकच ठेवावे. क्लॅरिनेटांच्या जलद स्वरांची वेल ट्युबावर चढविण्याचा हट्ट करू नये. तिचे ठळक स्वर निवडून युफोनियमला द्यावे, कारण खर्जाच्या वाद्यांत तेच चपळ. ट्रॉम्बोनला कळा नसतात, सरकती नळी व तिचे सात टप्पे असतात. म्हणून पहिल्या टप्प्यावरून एकदम सातव्यावर जावे लागेल असे स्वर भरधाव लयीत त्याच्या पुढ्यात टाकू नयेत.

आणि सर्वांत मोठी गोष्ट श्वासाची. मोठ्या बँडात एकच ओळ चारपाच जण वाजवितात. ते आळीपाळीने श्वास चोरतात व ऐकणारास खंड कळत नाही. चौघांत ती सोय नाही. प्रत्येकाची ओळ त्याच्या एकट्याची. तेव्हा विश्रांती ही रचनेतच लिहावी लागते. आम्ही हे शिकलो ते एका पानावर. मूळ वाक्य संपूर्ण युफोनियमकडे दिलेले पाहून बँडमास्तर पेन्सिल घेऊन काही वेळ तसेच बसले. मग पाचव्या मात्राखंडापाशी त्यांनी एक रेघ मारली, व पुढील अर्धे वाक्य धाकट्या ट्रॉम्बोनवाल्याच्या कागदावर लिहावयास सांगितले. "माझी छाती आता चारच खंड नेते," एवढेच बोलले. आम्ही मान खाली घालून लिहिले. त्यांची ही रेघ वैद्यकाची होती, पण ऐकताना ती सौंदर्याची ठरली. एकाने अर्धे वाक्य सांगावे व दुसऱ्याने ते उचलून पुरे करावे, तसे ते वाटले.

मूळ कर्त्यास हे रुचले असते काय? आम्हांस वाटते, रुचले असते. त्या काळी बँडांची घडण गावोगाव निराळी असे, म्हणून त्याने स्वतःच आपल्या वहीत काही वाद्यांच्या ओळी ऐच्छिक म्हणून ठेवल्या आहेत. कोण जमेल याची खात्री नसताना लिहिणे म्हणजे काय, हे ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेल्यास कोणी सांगावयास नको.

रचना बँडावर बसते की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु एकदा तो आपल्या राष्ट्रापुढेच उभा होता. स्वतंत्र हिंदुस्थानचे राष्ट्रगीत ठरविताना वंदे मातरम्‌वर जे आक्षेप आले, त्यांतील एक असा की ते बँडावर नीट वाजविता येणार नाही. आमचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी तो आक्षेप मुकाट्याने ऐकून घेतला नाही. त्यांनी गीतास सुटसुटीत चाल लावली, बँडावर ती वाजवून घेतली, आणि दिल्लीस संविधान सभेच्या सदस्यांपुढे ती सादर केली. २४ जानेवारी १९५० रोजी जन गण मन हे राष्ट्रगीत ठरले व वंदे मातरम् यास बरोबरीचा मान मिळाला. निर्णय काही असो. एका थोर गवयाने पितळी वाद्यांची गरज काय ते समजून घेण्यात कमीपणा मानला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आम्ही मात्र तो मानीत आलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. एके सायंकाळी आम्ही सहज विचारले, की इतकी वर्षे वरातीत वाजविताना कोणी ही असली रचना कधी ऐकली काय? बँडमास्तर म्हणाले, "वरातीत आम्हांस कोणी ऐकत नाही, गुरुजी. आम्ही ऐकू येतो, इतकेच." ते हसले, आम्हांस हसू आले नाही. आमच्या मुलीच्या लग्नातील वैशाखातली ती दुपार आम्हांस आठवली. मुहूर्तास वेळ होता, मंडळी मांडवात पन्हे पीत होती, आणि बँडवाले रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते. पितळ इतके तापले होते की एकाने वाद्याला रुमाल गुंडाळलेला आम्ही पाहिला. पाहिला, आणि आत गेलो. त्यांचे जेवण शेवटच्या पंगतीनंतर मागील अंगणात झाले. ज्यांस आम्ही आयुष्यभर 'अतिथिदेवो भव' याचा अर्थ शिकविला त्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्या दिवशी आमची परीक्षा घेतली असती, तर आम्ही खचित नापास झालो असतो.

वसईच्या भूमीत तर हे अधिकच बोचते. १५३४ पासून १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर इकडील चर्चांच्या घंटा देशावर गेल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळात व वाईजवळ मेणवलीस आजही भाविक ज्या प्रचंड घंटा पाहतात त्या याच मोहिमेतल्या, असे सांगतात. ख्रिस्ती ओतकामाचा नाद आमच्या देवास चालतो. तेथे सोवळे आड येत नाही. मग तोच नाद छातीतून काढणारा मनुष्य अंगणातच का बसावा?

पाऊस सरल्यावर एका रविवारी सायंकाळी आमच्या सोसायटीच्या लहान सभागृहात चौघांनी तो पहिला भाग वाजविला. खुर्च्या तीस मांडल्या होत्या, भरल्या बावीस-तेवीस. ज्यांनी पंपाची तक्रार केली होती ते गृहस्थ पुढच्याच रांगेत होते. आम्ही उभे राहून सावित्रीची व होल्स्टची हकीकत थोडक्यात सांगितली, इतकी थोडक्यात की आमच्या सौभाग्यवतींनीही नंतर कौतुक केले. मग ट्युबा व युफोनियम यांनी तो खोल आरंभ केला. या खेपेस चिखल झाला नाही. प्रत्येक स्वरास पाय ठेवावयास जागा होती. जे गाळले होते त्याची उणीव भासली नाही असे आम्ही म्हणणार नाही. क्लॅरिनेटांची ती वेल आम्हांस ठाऊक होती व ती तेथे नव्हती. पण स्वरवाक्य पुन्हा पुन्हा येत गेले, एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले, आणि पोरेसोरेदेखील चुळबूळ न करता बसली. ते पान आले. चौथ्या खंडाअखेर बँडमास्तरांनी वाद्य ओठांपासून दूर केले, आणि धाकट्याने वाक्य पुढे नेले. जोडावर सांधा दिसला नाही. बँडमास्तर डोळे मिटून ऐकत होते. कदाचित आपल्या त्या तिसांपैकी कोणास तरी ऐकत असावेत.

त्या रात्री चौघे आमच्याकडे जेवले. पहिल्या पंगतीस, आमच्या शेजारी. अळूची भाजी पुतण्यास फार आवडली व त्याने तीनदा मागून घेतली. निघताना बँडमास्तरांनी उरलेल्या दोन भागांचे पुडके आमच्या टेबलावर ठेवले. "गुरुजी, डिसेंबरापर्यंत होईल?" असे विचारून ते जिना उतरले. त्यांचा श्वास दोन पायऱ्यांमागे थांबत होता.

आम्ही रोज सकाळी एक पान करीत आहो. सायंकाळी पाच ते सहा हा त्यांच्या सरावाचा तास सोसायटीने ठरावाने मान्य केला आहे, आणि तो खोल स्वर एखाद दिवशी उशिरा आला तर आता साऱ्या इमारतीस चुकचुकल्यासारखे होते. वाचक भगिनींस व बंधूंस एवढेच सांगणे, की येत्या लग्नसराईत आपल्या दारी बँड आला तर त्यांच्यासाठी सावलीत चार खुर्च्या व पाण्याचा माठ आधी ठेवावा. मग एकास जवळ बोलावून विचारावे, की तुमच्या आवडीचे काय वाजविता? आणि ते वाजेपर्यंत वरात पाच मिनिटे थांबवावी. मुहूर्त तेवढा थांबतो, हा आमचा अनुभव आहे.